सायकलच्या ब्लॉगला जाहिरात समिती लाभते

ज्या कामासाठी समिती नाही, ते काम झाले तरी झाले असे म्हणता येत नाही. पूल, संमेलने, वधूवर मेळावे, शोकसभा, सारे काही समितीच्या आधारावर उभे आहे. सायकल चालवणे हा एकच प्रकार असा, की माणूस सकाळी उठतो, कुणाचीही मंजुरी घेत नाही, आणि चालवून परत येतो. सायकलला आपल्याकडे मान नाही त्याचे कारण हेच, असे आमचे अभ्यासान्ती मत झाले आहे. (आम्ही स्वतः सायकल चालवत नाही. मत होण्यासाठी ती लागत नाही.)

आम्ही म्हणजे सुधाकर, केंद्र सरकारच्या एका मंत्रालयातून अवर सचिव म्हणून निवृत्त, सध्या यमुनापारच्या मराठी मंडळाचे मानद कार्यवाह. चौतीस वर्षांच्या नोकरीत आम्ही एकही निर्णय घेतला नाही, त्यामुळे एकही चुकला नाही. एका सायकलच्या ब्लॉगला शिस्त लावण्याचे काम आमच्याकडे आले ते या अनुभवामुळेच.

ब्लॉगचे नाव ‘पायडल मारत’. तो लिहिते रुचिरा. मुलगी पुण्याची, नोकरी गुरुग्रामला, राहायला मयूर विहारला, आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. दर रविवारी पहाटे सायकल काढायची, दहा वाजता परत यायचे, आणि जे दिसले ते लिहून टाकायचे, असा तिचा क्रम. नमुन्यादाखल एक नोंद देतो, म्हणजे ब्लॉग किती मागासलेल्या अवस्थेत होता ते ध्यानात येईल:

“हिंदूरावच्या बाजूने रिजवर चढले. अठरा मिनिटं. माकडं नऊ, त्यातलं एक चिडलेलं. टपरीवरचा चहा बरा, बिस्किट शिळं. उतारावर दिव्याच्या अमक्या खांबापाशी डाव्या हाताला खड्डा आहे, पुढचं चाक अख्खं जाईल. उजवीकडून घ्या.”

(खांबाचा क्रमांक समितीच्या धोरणानुसार गाळला आहे.)

बस्स. ना प्रास्ताविक, ना ऋणनिर्देश, ना कुणा मान्यवराचा फोटो. तरीही हे लिखाण दोनशे बारा माणसे वाचत. त्यात नीरजा नावाची एक नर्स होती. ती तिमारपूरला राहते आणि रिज, म्हणजे दिल्लीतली ती झाडीची टेकडी, ओलांडून सकाळच्या ड्यूटीला सायकलने जाते. रविवारी रुचिराने लिहायचे आणि सोमवारी नीरजाने त्याप्रमाणे सायकल घालायची, असे दोन वर्षे चालले होते. दोघींची भेट कधीच झालेली नव्हती. कुणीही या व्यवहाराची नोंद ठेवलेली नव्हती, यावरून काय ते समजावे.

मग रुचिराच्या हातून एक चूक झाली. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिने विचारले, “ब्लॉग जरा वाढवावा म्हणतेय. नोएडा, मानेसरचे रूटही घ्यावेत. त्यासाठी एखाद-दुसरी जाहिरात घ्यावी का? कुणाला यातलं काही कळतं का?”

पहिल्या प्रश्नाला उत्तर आले नाही. दुसऱ्याला सत्तेचाळीस आली.

त्या आठवड्यातच कस्तुरबा गांधी मार्गावरच्या अतिथिगृहाच्या कँटीनमध्ये समितीची स्थापना झाली. (तिथली मिसळ चांगली असते. इतर ठिकाणांचा विचार झाला नाही.) समितीत एकूण अकरा सभासद. त्यांपैकी सायकल चालवणारे एक, म्हणजे रुचिरा. तिला संस्थापक हे पद दिले. आमच्या परंपरेत संस्थापकाचा फोटो लागतो, मत नसते. बैठकीची मिनिटे लिहिण्याचे काम मात्र तिच्याकडे दिले, कारण तिचे अक्षर बरे. सायकल बाळगणारे आणखी एक, विक्रांत. हे नोएडात एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत. त्यांची सायकल जर्मन बनावटीची असून बाल्कनीत असते आणि तिच्यावर एका वेळी चार टॉवेल वाळतात. त्यांना तांत्रिक सल्लागार नेमले. उरलेल्या नऊ जणांना सायकलबद्दल आस्था आहे.

“काका, लिहायचं मीच ना?” रुचिराने विचारले.

“बिल्कुल. तूच लिहायचंस बाळा. आम्ही फक्त बघणार,” आम्ही म्हणालो. तिच्या चेहऱ्यावर हायसे वाटल्याचे दिसले. पोरगी हुशार, पण तिला सरकारी नोकरीचा अनुभव नाही.

विस्ताराचा पहिला टप्पा पंधरा दिवसांत पुरा झाला. ब्लॉगवर नवी सदरे आली: अध्यक्षांचे मनोगत, कार्यवाहांचे निवेदन, दहावी-बारावीचे गुणवंत, प्रवासात टिकणाऱ्या दशम्या, आणि शोकप्रस्ताव. सायकलला सहावे स्थान मिळाले. अकरा सभासदांचा कँटीनच्या पायऱ्यांवर काढलेला फोटो सर्वांत वर लावला. फोटोत एक सायकल असावी अशी सूचना आली होती, पण मग कडेचे दोघे कापले जात होते.

मग जाहिराती. मराठी माणसाला जाहिरात म्हटले की एकच गोष्ट ठाऊक असते, ती म्हणजे गणेशोत्सवाची स्मरणिका. त्या कामात आमच्या कुमुदिनीताईंचा हात धरणारे अख्ख्या एनसीआरमध्ये कुणी नाही. एकतीस वर्षांचा अनुभव. ताईंची पद्धत साधी आहे. त्या घरी जातात आणि बसतात. जाहिरातीचा विषय काढत नाहीत. गुडघ्यांची चौकशी करतात, सुनेची करतात, दुसरा चहा घेतात, पर्स मांडीवरून खाली ठेवतात. सरासरी बावन्न मिनिटांनी यजमानच म्हणतो, “ताई, ते जाहिरातीचं काही असेल तर...” ताई चकित होतात. पावतीपुस्तक पर्समध्ये असतेच.

मजकूर काय छापायचा, हे यजमान सांगतो: “एका हितचिंतकाकडून.” नाव नको. नाव छापून आले तर पुढच्या महिन्यात रोहिणी भागातल्या मंडळाचे लोक येऊन बसतील, ही त्याची रास्त भीती असते. अशा रीतीने तीन आठवड्यांत ब्लॉगसाठी सेहेचाळीस जाहिराती जमल्या. अडतीस ‘एका हितचिंतकाकडून’. पाच ‘शुभेच्छुक’. दोन नुसतेच जोडलेले हात. एका गृहस्थांनी काहीच छापू नका अशी अट घातली, त्यांच्यासाठी एक रिकामी चौकट नक्षीसह सोडली. तीच सगळ्यांत सुबक दिसते.

आता यातून एक नाजूक प्रश्न उभा राहिला. तो आम्हीच प्रथम ओळखला, हे इथे नोंदवणे भाग आहे. हितचिंतक कोण, हे फक्त ताईंना ठाऊक, आणि ताई नाव सांगत नाहीत. म्हणजे हितचिंतक कुणीही असू शकतो. कुणीही असू शकतो, त्या अर्थी ब्लॉगमधल्या कुठल्याही वाक्याने तो दुखावू शकतो. ज्याचे खाल्ले त्याला बोल लावायचे नाहीत, ही आपली रीत. पण कुणाचे खाल्ले तेच माहीत नसेल, तर कुणालाच काही बोलता येत नाही. हे गणित आहे, यात आमची मर्जी कुठे येत नाही.

म्हणून रुचिराची नोंद छापण्यापूर्वी समितीसमोर वाचायची पद्धत सुरू झाली. माकडे त्याही रविवारी नऊ, त्यातले एक चिडलेले: हितचिंतकांपैकी कुणी शनिवार करणारे असतील, त्यांना हे रुचणार नाही. वगळले. बिस्किट शिळे: कुणाच्या जावयाची बेकरी असू शकते. वगळले. अठरा मिनिटे: ज्यांना चढायला चाळीस लागतील त्यांनी काय करायचे? चढ: एक हितचिंतक सात वर्षे प्रमोशनची वाट पाहत आहेत असे ऐकून होतो. वगळले.

खड्ड्याचा विषय सर्वांत गंभीर निघाला. खड्डा आपोआप होत नाही. तो कुणीतरी खणतो, कुणीतरी खणायला सांगतो, आणि कुणीतरी बुजवायचा विसरतो. दिल्लीतली मराठी माणसे या तिन्ही खात्यांत पसरलेली आहेत. सबब ‘खड्डा’ या शब्दाऐवजी ‘मार्गावरील एक टप्पा’ असा शब्दप्रयोग ठरला. मग ‘टप्पा आहे, उजवीकडून घ्या’ हे वाचायला विचित्र वाटू लागले. शिवाय उजवीकडून म्हटले की डाव्या विचारांचे हितचिंतक रुसणार. तेही काढले.

शेवटी नोंद अशी छापून आली: “रविवारी सायकल चालवली. सर्वांचे आभार.”

“काका, सर्वांचे आभार मी लिहिलंच नव्हतं,” रुचिरा म्हणाली.

“ते समितीतर्फे.”

“बाकी सगळं काढा. माकडं काढा, चहा काढा. पण खड्डा तरी ठेवा ना यार! लोक जातात तिथून.”

यावर विक्रांत यांनी तांत्रिक सल्ला दिला. “टेक्निकली बघितलं तर खड्डा टेम्पररी असतो. ब्लॉग परमनंट असतो. आज लिहिलं आणि उद्या खड्डा बुजला, तर आपण खोटे पडू.” हा मुद्दा कुणालाच खोडता आला नाही. ठराव दहा विरुद्ध शून्य असा संमत झाला. रुचिराने तो मिनिटांत लिहून घेतला. पेन जरा जोरात टेकवत होती.

दोन रविवार असेच सुरळीत गेले. तिसऱ्या बैठकीत रुचिरा आली ती हातात फोन धरूनच. खुर्चीवर न बसता तिने नीरजाचा निरोप मोठ्याने वाचून दाखवला.

“रुचिराताई, दोन रविवार तुमच्याकडे खड्ड्याचं काही आलं नाही. म्हटलं बुजवला असणार, म्हणून डावीकडूनच आले. पडले. मनगट चांगलंच मुरगळलंय, पेशंटला सलाईन लावताना हात थरथरतो. सिस्टर म्हणाल्या, आठवडाभर नुसती रजिस्टरं भर. बाकी ठीक आहे. ब्लॉगवरचा नवीन फोटो छान आलाय.”

वाचताना रुचिराचा आवाज शेवटी फाटला. “ती माझ्या भरवशावर डावीकडून आली, काका. दोन वर्षं तिने माझं ऐकलं, आणि मी लिहिलं सर्वांचे आभार!”

मिसळ आलेली होती, पण कुणी चमचा उचलला नाही. आम्हालाही वाईट वाटले. खरेच वाटले. म्हणून आम्ही ताबडतोब ठराव मांडला, की कुमारी नीरजा यांच्या मनगटाच्या प्रकृतीस लवकर आराम पडो. कारणाचा उल्लेख टाळला. ठराव एकमताने संमत झाला आणि सर्वांना बरे वाटले. रुचिरा उठून गेली. जाताना मिनिटांची वही मात्र घेऊन गेली. ते आम्हाला तेव्हा खटकायला हवे होते.

पुढच्या बैठकीत मानेसरचे प्रकरण आले. तिथल्या एका ट्यूबच्या कारखान्याचे विक्री व्यवस्थापक स्वतःहून जाहिरात घेऊन आले. ताई त्यांच्याकडे जाऊन बसल्यासुद्धा नव्हत्या, त्यामुळे समितीला हा गृहस्थ पहिल्यापासूनच संशयास्पद वाटला. त्यांच्या मजकुरात ‘पंक्चर भूल जाओ’ असे होते. पंक्चर हा शब्द अशुभ म्हणून आम्ही तिथे ‘टायरला दीर्घायुष्य लाभो’ असे घातले, कारखान्याचे नाव शालीनतेसाठी काढले आणि खाली जोडलेले हात टाकले.

“भाईसाहब, मैं ट्यूब बेचता हूँ,” ते म्हणाले. “पंक्चर नहीं बोलूँगा तो क्या बोलूँगा? हमारा नाम किधर गया? और ये हाथ किसके हैं?”

हात कारखान्याच्या वतीने जोडले आहेत, असे आम्ही समजावले. त्यावर ते जे बोलले ते मिनिटांत घेता आले नाही. कँटीनमधले बाकीचे लोक वळून बघू लागले. दिल्लीत आरडाओरडा झाला की मराठी माणूस आधी बिल मागवतो आणि मग नियम करतो. त्याप्रमाणे नियम क्रमांक चौदा तिथल्या तिथे संमत झाला: जाहिरातदाराने दिलेला मजकूर अक्षरशः, कानामात्रेचाही फरक न करता छापण्यात येईल. नियम लिहून घ्यायला रुचिरा त्या दिवशी मुद्दाम आली होती. एकही शब्द न गाळता तिने तो लिहिला आणि खाली अकराही जणांच्या सह्या घेतल्या. पोरगी कामाला लागली म्हणून आम्हाला समाधान वाटले.

त्याच आठवड्यात कुमुदिनीताई आमच्या इमारतीत आल्या. यादीत रुचिराचेही घर होते. ताई बसल्या, गुडघ्यांचा विषय काढणार, तेवढ्यात रुचिराच म्हणाली, “ताई, जाहिरात द्यायचीय.” चार मिनिटे. एकतीस वर्षांतला विक्रम मोडला. ताईंना चहा अर्धा टाकून उठावे लागले, याचे त्यांना अजून वाईट वाटते.

जाहिरात समितीपुढे उघडली. मजकूर असा: “रिजच्या उतारावर दिव्याच्या अमक्या खांबापाशी डाव्या हाताला खड्डा आहे. उजवीकडून घ्या. एका हितचिंतकाकडून.” (क्रमांक इथेही आम्ही गाळला आहे. जाहिरातीत तो होता.)

कागद अध्यक्षांपासून शेवटच्या खुर्चीपर्यंत फिरला. मग सगळेच बोलले. अध्यक्ष म्हणाले, ही जाहिरात नव्हे. विक्रांत म्हणाले, टेक्निकली यात प्रॉडक्ट कुठे आहे? आम्ही म्हणालो, जोडलेले हात तरी घाला. मग कुणीतरी नियम चौदा वाचून दाखवला. खाली आमच्याच सह्या.

“ही दिली कुणी?” अध्यक्षांनी विचारले.

“एका हितचिंतकाने,” ताई शांतपणे म्हणाल्या. “मी शब्द दिलाय, आलीच पाहिजे छापून. आणि काय हो, तो खड्डा आहेच ना तिथे?”

हा शब्द समितीत उघडपणे उच्चारला जाण्याची ती पहिलीच वेळ. रुचिरा खाली मान घालून लिहीत होती. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काय होते, ते मिनिटांत आलेले नाही.

जाहिरात छापून आली. आकडे बोलके आहेत. त्या आठवड्यात अध्यक्षांचे मनोगत तीनदा वाचले गेले (अध्यक्षांनी दोनदा, त्यांच्या मुलीने चुकून एकदा). जाहिरात एक हजार नऊशे चार जणांनी वाचली. नीरजाचा निरोप आला: “मनगट बरं आहे. आजपासून पुन्हा वॉर्डात ड्यूटी. उजवीकडून आले.” रुचिराने तो निरोप आम्हाला जिन्यात थांबवून दाखवला आणि आम्ही चष्मा पुसत फार छान, फार छान असे दोनदा म्हणालो.

मग मात्र जाहिरातींचा पूर आला. लोक ताईंची वाट न बघता स्वतःच पाठवू लागले. “नोएडात सेक्टर बासष्टच्या वळणावर सकाळी सातला शाळेच्या बसेस उलट्या बाजूने येतात. एका हितचिंतकाकडून.” “मानेसरला कंपनीच्या बसेस सुटतात तेव्हा सव्वासहापर्यंत कडेला थांबा, शेअर ऑटोवाले बघत नाहीत. एका हितचिंतकाकडून.” “हवेचा आकडा चारशेच्या वर आहे. आज घरी बसा. एका हितचिंतकाकडून.” आणि एक अगदी छोटी, कोपऱ्यातली: “बिस्किट अजून शिळंच आहे. एका हितचिंतकाकडून.”

आज ब्लॉगवर दोनशे सतरा जाहिराती आहेत, वाचक अकरा हजारांवर गेले आहेत, आणि हे सारे समितीच्या दूरदृष्टीचे फळ असल्याचा ठराव आम्ही दोनदा संमत केला आहे. आमचे धोरणही आता पक्के झाले आहे. ज्याला खरे बोलायचे असेल त्याने जाहिरात द्यावी. जे फुकट छापले जाते ते कुणालाही दुखावणार नाही, याची जबाबदारी समितीची. रुचिरा दर रविवारी सायकलवर जाते आणि आल्यावर आम्हाला नोंद न देता ताईंना जाहिरात देते. ताई तिच्याकडे आता पूर्ण चहा पिऊन येतात.

एकच दुःखद घटना नमूद करायची राहिली. ब्लॉगच्या यशानिमित्त सायकलसह एक फोटो असावा म्हणून विक्रांत यांनी बाल्कनीतली सायकल काढली, टॉवेल उतरवले आणि रिज गाठले. बैठकीला आले ते हात गळ्यात बांधून. “मार्गावरील एका टप्प्यावर अनुभव आला,” एवढेच ते म्हणाले. तुम्ही जाहिरात वाचली नव्हती का, असे ताईंनी विचारले. “जाहिराती मी स्किप करतो,” ते म्हणाले. प्लॅस्टर निघेपर्यंत त्यांची समितीतली जागा रिकामी आहे.

शेवटी आपल्याबद्दल. हा वृत्तान्त आपण फुकट वाचलात, सबब खांबाचा क्रमांक यात देता आला नाही. तो आम्ही दोनदा गाळला आणि दोन्ही वेळा तसे कंसात प्रामाणिकपणे कळवले. आपण पुढे वाचत राहिलात, मधूनमधून हसलातही, पण तो खांब कितवा, असे आपल्या मनात एकदाही आले नाही. अशी माणसे शोधून सापडत नाहीत. विक्रांत यांच्या जागी आपली निवड बिनविरोध झाली आहे.